कडी बाहेरून लावा: फोनमधली नाद लावणारी अ‍ॅप बंद करण्याची सविस्तर पद्धत

डिसेंबरातली गोष्ट. आमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. थ्री-फेज लाईट बाराच्या पुढे यायची. मोटार चालू केली, केळीच्या ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवला आणि पंपघरातल्या खाटेवर गोधडी पांघरून बसलो. पाच मिनिटं रील्स पाहू, मग एक चक्कर मारून लाईनी तपासू, असा बेत. चक्कर मारायला उठलो तेव्हा पावणेचार वाजले होते. सबमेनच्या टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह कधीच निसटून पडला होता आणि पाणी बांध ओलांडून काकांच्या हरभऱ्यात साचलं होतं. हरभऱ्याला साचलेलं पाणी किती सोसतं, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. सकाळी काका बांधावर आले, चप्पल काढून चिखलात पाय घालून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "काय करत व्हता रे भाऊ तू रातभर?"

सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या साडेतीन तासांत काय काय पाहिलं, त्यातलं एकही रील मला आठवत नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षभरात मी जे करून पाहिलं, जे फसलं आणि जे टिकलं, ते इथे क्रमाने लिहितो. फोन विहिरीत टाका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण केळीचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, ई-पीक पाहणी २०२१ पासून अ‍ॅपवर आहे, कृषी केंद्रात पैसे यूपीआयने द्यायचे आणि आधारचा ओटीपीही याच नंबरवर येणार. फोन राहणारच आहे. त्यातली चार-पाच अ‍ॅप अडवायची, एवढंच काम आहे.

मनावर घेतलं म्हणजे सुटतं का?

माझं तरी सुटलं नाही. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि महिन्याला एक जीबी पुरवून वापरणारी आमची पिढी एकदम मोकळी सुटली. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. आता पोरं अभ्यासाला लागतील, असं घरोघरी म्हणून झालं. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. दुकान तेच राहिलं, पाटी बदलली.

या अ‍ॅपची करामत मटक्यासारखी आहे. मटक्यात रोज आकडा लागला असता तर माणूस कंटाळला असता आणि कधीच लागला नसता तर सोडून गेला असता. कधीतरी लागतो, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा टपरीवर उभा. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच करून पाहिलं होतं. दाणा कधी पडेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारायचं थांबत नाही. दहा रील्स टुकार निघतात, अकरावं भन्नाट लागतं आणि अंगठा पुढच्या दहांसाठी सरकत राहतो. त्यात पान संपतच नाही. खाली सरकवत जावं तसं नवं येत राहण्याची ही रचना अ‍ॅझा रॅस्किन याने २००६ मध्ये केली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत बोलून दाखवली.

तेव्हा रात्री बारा वाजता, एकटं, थकलेलं असताना आपण शहाणपणाने वागू, हा भरवसा सोडून द्या. सकाळी चहा पिताना जो माणूस शहाणा असतो, त्याने रात्रीच्या माणसासाठी दाराला कडी लावायची, तीही बाहेरून. खालचं सगळं त्या कडीचंच काम आहे.

पहिलं काम: तीन दिवस नुसतं मोजा

काही बंद करायची घाई करू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग अँड पॅरेंटल कंट्रोल्स' शोधा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते 'स्क्रीन टाइम' नावाने असतं. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'वेलबीइंग' टाइप करा. आतल्या डॅशबोर्डवर तीन आकडे दिसतात: कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ गेला, फोन किती वेळा उघडला आणि नोटिफिकेशन किती आली.

ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहा. दुधाचा हिशोब लिहितो तसं. माझा पहिल्या दिवसाचा आकडा चार तास पन्नास मिनिटं होता आणि फोन १३८ वेळा उघडला होता. मला वाटत होतं दीड तास असेल. वेळेपेक्षा हा दुसरा आकडा जास्त बोलतो. १३८ वेळा मला काय काम निघालं असेल? कामं दहा-बाराच. बाकी नुसता हात खिशात गेला.

चौथ्या दिवशी अ‍ॅपची वाटणी करा. कामाची, म्हणजे बँक, यूपीआय, हवामान, ई-पीक पाहणी. निव्वळ ओढणारी, म्हणजे माझ्यापुरतं इन्स्टाग्राम आणि फेसबुक. तिसरा ढीग तळ्यात-मळ्यातला: व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब. यांच्याशिवाय चालत नाही आणि यांच्यासोबतही चालत नाही. तिन्हींना वेगवेगळं औषध आहे.

निव्वळ ओढणारी अ‍ॅप: काढून टाका, वेळ ठरवत बसू नका

माझं मत स्पष्ट आहे. ज्या अ‍ॅपमुळे तुमचं एकही काम अडत नाही, त्याला 'रोज वीस मिनिटं' वगैरे देऊ नका. त्या वीस मिनिटांसाठी मन दिवसभर वाट पाहत बसतं.

काढण्याआधी दोन गोष्टी करा. एक, त्यात ठेवलेले फोटो उतरवून घ्या. दोन, दुसरी कुठली सेवा किंवा गेम तुम्ही 'लॉगिन विथ फेसबुक' करून वापरता का ते बघा, नाहीतर तिथून बाहेर पडाल. मग आधी अ‍ॅपमधून लॉगआउट व्हा आणि त्यानंतर अनइन्स्टॉल करा. नुसतं अ‍ॅप काढलं आणि पासवर्ड फोनच्या गुगल खात्यात साठवलेला राहिला, तर परत यायला अर्धं मिनिट लागतं. तो साठवलेला पासवर्डही पुसा.

बऱ्याच फोनमध्ये फेसबुक कंपनीकडूनच भरून येतं आणि अनइन्स्टॉलचं बटणच दिसत नाही. तिथे सेटिंग्ज, अ‍ॅप्स, फेसबुक असं जाऊन 'डिसेबल' करा. त्याच यादीत 'मेटा अ‍ॅप मॅनेजर' किंवा 'अ‍ॅप इन्स्टॉलर' अशा नावाची त्याची पिल्लं असतात, तीही डिसेबल करा. फोनचं काही बिघडत नाही.

खातंच बंद करायची तयारी असेल तर इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हीकडे 'अकाउंट्स सेंटर'मध्ये, 'पर्सनल डिटेल्स'च्या आत, 'अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल' आहे. डिअ‍ॅक्टिव्हेट केलं की खातं झोपतं, डिलीट केलं की ३० दिवसांनी कायमचं जातं. त्या ३० दिवसांत पुन्हा लॉगिन करून नको म्हटलं तर रद्द होतं, म्हणून हे दिवस जपायचे. मी डिअ‍ॅक्टिव्हेटवर थांबलो. खान्देशी माणूस जुनं काही एकदम फेकत नाही.

अ‍ॅप गेलं तरी त्याची भुतं राहतात. हीच ती जागा जिथे बहुतेकांची कडी निखळते. फोनमध्ये 'ड्युअल अ‍ॅप्स' किंवा 'अ‍ॅप क्लोन' असेल आणि तिथे इन्स्टाची दुसरी प्रत केलेली असेल, तर ती काढा. 'लाइट' नावाची हलकी आवृत्ती असेल तर तीही. लॉकस्क्रीनवर उघडायच्या आधीच बातम्या आणि व्हिडिओ दाखवणारं 'ग्लान्स' किंवा 'वॉलपेपर कॅरोसेल' असेल, ते लॉकस्क्रीनच्या सेटिंगमध्ये बंद करा. होमस्क्रीन उजवीकडे सरकवल्यावर येणारी गुगलची बातम्यांची रांगही बंद करा. ही रांग मला रील्सपेक्षा सभ्य वाटायची. रील्स बंद झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने माझे रोजचे चाळीस मिनिटं खाल्ले. ठिबकच्या नळीचं एक भोक बुजवलं की पाणी पुढच्या भोकातून जोरात येतं, तसलाच प्रकार.

यूट्यूब: घर रिकामं करा

यूट्यूब काढता येत नाही, कारण केळीवरच्या करप्यापासून मोटारीच्या स्टार्टरपर्यंत सगळं तिथेच शिकलोय. पण त्यावर एक सोपा उपाय आहे आणि तो फार थोड्या लोकांना माहीत आहे.

यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज ऑल हिस्ट्री' उघडा. वॉच हिस्ट्री आधी पूर्ण पुसा, मग बंद करा. २०२३ पासून असं आहे की हिस्ट्री बंद असली आणि आधीचीही काही नसली, तर यूट्यूबचं मुख्य पान कोरं येतं. काय दाखवायचं ते त्याला कळत नाही. तुम्ही शोधाल तेच मिळतं. 'केळी पोटॅश वेळापत्रक' टाकलं, पाहिलं, बाहेर आलो. पहिल्यांदा ते कोरं पान पाहिलं तेव्हा लग्न उरकल्यानंतरचा मांडव आठवला.

तेवढ्याने भागत नसेल तर यूट्यूबही 'डिसेबल' करा आणि गरज पडेल तेव्हा ब्राउझरमधून उघडा, तेही लॉगिन न करता. थोडं गैरसोयीचं होतं. होऊ द्या.

टायमर आणि फोकस मोड: कामाचे, पण कच्चे

ज्या अ‍ॅपला पूर्ण काढायचं नाही, त्याला डॅशबोर्डवरूनच टायमर लावता येतो. अ‍ॅपच्या नावापुढे वाळूच्या घड्याळाचं चिन्ह असतं, त्यावर बोट ठेवा आणि मिनिटं ठरवा. वेळ संपली की अ‍ॅप बंद होतं आणि चिन्ह राखाडी होतं. रात्री बाराला हिशोब नव्याने सुरू. हे बाराचं गणित माझ्यासारख्या रात्रपाळीच्या शेतकऱ्याला महागात पडलं. लाईट यायची वेळ आणि टायमर उघडायची वेळ एकच!

'फोकस मोड' त्यामानाने बरा. त्यात ओढणारी अ‍ॅप निवडून ठेवायची आणि वेळापत्रक लावायचं, उदाहरणार्थ रोज रात्री नऊ ते सकाळी सात. तेवढा वेळ ती अ‍ॅप उघडत नाहीत आणि त्यांची नोटिफिकेशनही येत नाहीत. अभ्यासिकेत बसणाऱ्या भरतीच्या पोरांना मी हेच सांगतो: दिवसाचे तासही यात घाला.

पण दोन्हींना कुलूप नाही. सेटिंगमध्ये जाऊन टायमर काढायला चार सेकंद लागतात. फोकस मोड तर स्वतःच पाच, पंधरा, तीस मिनिटांची सुट्टी देऊ करतो. म्हणजे ही आतली कडी झाली. ज्याचा नाद हलका आहे, त्याला पुरते.

अडवणारी वेगळी अ‍ॅप

स्क्रीनझेन, वन सेक, अ‍ॅपब्लॉक ही या कामाची नावाजलेली अ‍ॅप. यांतली पहिली दोन तुम्हाला दुसरं अ‍ॅप उघडण्याआधी थांबायला लावतात. तुम्ही यूट्यूबवर बोट ठेवलं की दहा-वीस सेकंद कोरा पडदा येतो आणि खरंच उघडायचं का, असं विचारलं जातं. ऐकायला पोरकट वाटतं, पण माझ्याबाबतीत निम्म्या वेळा मी तिथूनच परत फिरलो, कारण फोन मुळात का काढला हेच आठवत नव्हतं. अ‍ॅपब्लॉकमध्ये 'स्ट्रिक्ट मोड' आहे. तो लावला की ठरवलेली वेळ संपेपर्यंत तुम्हाला स्वतःचेच नियम बदलता येत नाहीत.

आता गोम ऐका. आमच्या गावात दहातले आठ फोन रेडमी, विवो, ओप्पो, रियलमी यांतले. हे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप मारून टाकतात. अडवणारं अ‍ॅप मेलं की अडवणं संपलं आणि तुम्हाला वाटतं अ‍ॅपच बेकार. म्हणून ते बसवल्यावर लगेच तीन गोष्टी करा. त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन 'ऑटोस्टार्ट' चालू करा. बॅटरीच्या रकान्यात 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या पडद्यावर त्याला कुलूप लावून ठेवा, म्हणजे सगळी एकदम पुसताना ते पुसलं जात नाही. मी हे न केल्यामुळे पहिले दोन महिने वाया घालवले.

ही अ‍ॅप 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. ही साधी परवानगी नाही. ती मिळालेलं अ‍ॅप तुमच्या पडद्यावरचं वाचू शकतं. त्यामुळे प्ले स्टोअरवरचं, भरपूर लोकांनी वापरलेलं अ‍ॅपच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठवलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवायची फाइल) कधीही बसवू नका, मग ती पाठवणारा सख्खा मेहुणा असला तरी. शेतकरी योजनेच्या आणि गाडीच्या चलनाच्या नावाने फिरणाऱ्या बनावट फाइल याच परवानगीवर खाती साफ करतात. काही बँकांची अ‍ॅपही ही परवानगी चालू दिसली की कुरकुर करतात. तसं झालं तर बँकेचं काम उरकेपर्यंत ती बंद करा आणि लगेच परत चालू करा. तेवढ्यात निसटायचा मोह होतो, हेही सांगून ठेवतो.

ब्राउझरची खिडकी: प्रायव्हेट डीएनएस

अ‍ॅप गेलं तरी मित्र व्हॉट्सअ‍ॅपवर रीलची लिंक पाठवतो. बोट लागलं की क्रोममध्ये ती उघडते आणि खाली दुसरं रील तयारच असतं. ही खिडकी बुजवायची तर नेटच्या पातळीवर बुजवावी लागते.

फोन एखादी वेबसाइट उघडण्याआधी तिचा पत्ता विचारतो. पत्ता सांगणाऱ्या त्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. पोस्टमनने पत्ताच सांगितला नाही तर पाहुणा घरापर्यंत पोचत नाही, तेवढंच तत्त्व. नेक्स्टडीएनएस ही सेवा घ्या. महिन्याला ३ लाख विचारणांपर्यंत ती फुकट आहे. त्यापुढे नेट चालू राहतं, फक्त अडवणं थांबतं. त्यांच्या साइटवर खातं उघडा. 'पॅरेंटल कंट्रोल'च्या पानावर इन्स्टाग्राम, फेसबुक वगैरे नावं यादीतून निवडा. 'सेटअप'च्या पानावर तुमचा स्वतःचा एक पत्ता मिळेल. तो कॉपी करा. मग फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या आत 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा, त्यातला हाताने नाव टाकायचा पर्याय निवडा आणि तो पत्ता तिथे चिकटवा. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या सगळ्या फोनमध्ये ही सोय आहे.

चिकटवताना एक अक्षर जरी चुकलं तरी नेटच बंद पडू शकतं. घाबरून रिचार्ज करायला धावू नका, पत्ता पुन्हा तपासा. लावून झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवून पाहा आणि यूपीआयने दहा रुपये कुणाला तरी पाठवून पाहा. दोन्ही चाललं म्हणजे बसलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' आहे, तिथे दुसऱ्या कुणाचं नाव निवडलेलं नाही ना, हेही बघा. याची मर्यादा एवढीच की यूट्यूब चालू ठेवून फक्त शॉर्ट्स अडवणं या मार्गाने होत नाही.

किल्ली कुणाकडे?

इथवरचं सगळं केलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, तर ते फार तर महिनाभर टिकतं. मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत सासरवाडीला गेलो, दुपारी बाहेर ऊन असं की पत्रा शिवता येत नव्हता, घरात सगळे झोपलेले. दोन मिनिटांत प्ले स्टोअरवरून इन्स्टा परत आलं. संध्याकाळपर्यंत मी पुन्हा जुना माणूस.

तेव्हापासून प्ले स्टोअरलाच कुलूप आहे. रेडमी, विवो, ओप्पो, रियलमी या बहुतेकांत 'अ‍ॅप लॉक' फोनमध्येच मिळतो. तो चालू करा, प्ले स्टोअर त्यात घाला आणि पिन घरातल्या दुसऱ्या माणसाला टाकायला द्या. तुम्ही तोंड फिरवून उभे राहा. शेवटी फोन विचारतो की बोटाच्या ठशानेही उघडू द्यायचं का. इथे 'नाही' म्हणायचं! बोट तुमचंच आहे. मी पहिल्या वेळी सवयीने 'हो' केलं आणि बायकोने टाकलेल्या पिनला काही अर्थ राहिला नाही. आधीची अ‍ॅप आपोआप अपडेट होत राहतात, तेव्हा कुलपामुळे बँकेचं अ‍ॅप जुनं पडेल ही भीती नको.

सेटिंग्जलाही कुलूप लावता येतं, पण हॉटस्पॉट चालू करायलासुद्धा पिन मागतो आणि घरात भांडणं होतात. मी लावून काढलं.

माणूस निवडताना विचार करा. जिवलग मित्र चालत नाही, तो दुसऱ्यांदा मागितलं की देऊन टाकतो. आई देते, कारण तिला तुमचं तोंड पाहवत नाही. माझ्या बायकोला मी तीन वेळा पिन मागितला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, काकांना विचारून येते, देऊ का म्हणून." पुन्हा मागितला नाही.

आयफोनवाल्यांचं काम सोपं आहे, कारण तिथे कुलूप कंपनीनेच दिलंय. सेटिंग्जमधल्या 'स्क्रीन टाइम'मध्ये पासकोड लावायचा, तोही दुसऱ्याच्या हाताने. विसरल्यास सोडवण्यासाठी अ‍ॅपल खातं जोडायला सांगतात, ते तुमचं जोडू नका. मग 'अ‍ॅप लिमिट्स'मध्ये 'ब्लॉक अ‍ॅट एंड ऑफ लिमिट' चालू करा आणि 'कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स'मध्ये नवीन अ‍ॅप बसवायला मनाई करा.

व्हॉट्सअ‍ॅप

इथे अडवणं नाही, चाळणं आहे. माझ्याकडे ६४ ग्रुप होते. केळीच्या भावाचे दोन, ठिबकवाल्यांचा एक, घरचा एक आणि शाळेच्या पालकांचा एक एवढे ठेवले. बाकीच्यांना 'म्यूट, ऑलवेज' करून 'अर्काइव्ह'मध्ये टाकलं. ग्रुप सोडला तर पाटील मंडळी रागावतात, अर्काइव्ह केला तर कुणाला कळत नाही. 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. फॉलो केलेली चॅनेल सगळी सोडा. 'अपडेट्स'चं पान काढता येत नाही, पण लोकांचे स्टेटस एकेक करून म्यूट करता येतात. तासभर लागतो. पावसाळी दुपारी बसून करावं असं काम आहे.

रंग काढून घेणं

फोन काळा-पांढरा करा, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. 'बेडटाइम मोड'मध्ये ती सोय आहे आणि रात्रीपुरती ती खरंच चांगली. राखाडी रील पाहण्यात मजा नाही. दिवसा मात्र माझ्या उपयोगाची नाही. पानावरचा करपा फोटोत ओळखायचा तर पिवळा रंग दिसायला हवा, आणि व्यापाऱ्याला पाठवलेला घड हिरवा दिसायला हवा.

रात्रीचा फोन

घरात फोन चार्जिंगला ओसरीत लागतो, माझा आणि बायकोचा दोघांचाही. उशाशी गजराचं घड्याळ. हे सगळ्यात स्वस्त कुलूप.

शेतावर जाताना मी बटणाचा फोन नेतो. सिम बदलायची कटकट नको म्हणून त्यात दुसरं घेतलं, नंबर फक्त घरच्यांकडे आणि वायरमनकडे. पैसे द्यायची वेळ आली तर साध्या फोनवरूनही यूपीआय होतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये त्यासाठी '१२३पे' आणलं. बँकेचं खातं एकदा जोडून ठेवावं लागतं. पंपघरात आता एक रेडिओही आहे. आकाशवाणी जळगाव रात्री उशिरा लागत नाही, पण संध्याकाळच्या पाळीला सोबत होते.

पहिले पंधरा दिवस

हात खिशात जातोच. चिन्ह जिथे होतं तिथे अंगठा जाऊन टेकतो आणि तिथे कॅल्क्युलेटर उघडतो. मी दिवसातून वीस वेळा कॅल्क्युलेटर उघडत होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी चिडचिड वाढते, सगळे कुठेतरी आहेत आणि आपणच नाही, असं वाटतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणी ट्रॅक्टर घेतला, हे उशिरा कळतं. पण चौकातल्या टपरीवर ते कळतंच, आणि तिथे तर जास्त तपशिलात कळतं.

घसरलात तर सगळं पहिल्यापासून उभं करू नका. कुठल्या भोकातून घसरलो एवढं शोधा आणि तेवढंच बुजवा. माझी भोकं क्रमाने अशी निघाली: बातम्यांची रांग, क्रोम, प्ले स्टोअर, आणि शेवटी भाच्याचा फोन. त्याच्यावर मात्र अजून उपाय सापडलेला नाही. तो आला की मी गोठ्याकडे जातो.

कॅलेंडरवरचा कालचा आकडा एक तास दहा मिनिटं आहे. त्यातली निम्मी मिनिटं केळीच्या भावाची.

एक शेवटची सूचना, पिनच्या चिठ्ठीची. पिन टाकणारा माणूस तो विसरू शकतो, म्हणून तो कागदावर लिहून ठेवायला लावा. आमच्या घरात ती चिठ्ठी कुठे आहे, हे बायकोने परवाच हसत हसत सांगितलं. गहू भरायच्या आधी तिने ती डबीत घालून कोठीच्या तळाशी ठेवली होती. वर चार क्विंटल गहू आहे. आम्ही घरात पाच माणसं. कोठीचा तळ दिसायला दिवाळी उजाडेल.